व्हॅन नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

मनीषनगर, नागपूर येथील एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: 'एप्रिलअखेर वीज कंपनीतून निवृत्त झालो. वय 60, पत्नी 56. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे असे 68 लाख हाती आले. पेन्शन 3 हजार, घरखर्च 35 हजार. घरी लॅब्राडॉर आहे. त्याला सोडून जाववत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुठे गेलोच नाही. आता त्याला घेऊन पेंच, नागझिरा, मेळघाटाकडच्या गावांतून फिरायचं, शेतावर मुक्काम करायचा. वाडीतला एक गॅरेजवाला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, संडास बसवून कॅम्पर व्हॅन 24 लाखांत देतो. 10 लाख एफडीतून आणि 14 लाख कर्जाने घ्यावी, की सगळेच पैसे एफडीतून भरावेत? एरवी गाडी भाड्याने देऊन महिन्याला 40 हजार सुटतील. बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एका गॅरंटीड योजनेत 6 लाख टाकलेत, त्याचे 11 पट करमुक्त मिळणार आहेत, त्यामुळे पुढची चिंता नाही.'

शेवटचं वाक्य वाचून मी तुमच्याकडून त्या योजनेचे कागद मागवले. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. 6 लाख एकदा भरून सुटका नाही. ते सलग 7 वर्षं, दरवर्षी भरायचे आहेत. म्हणजे 42 लाख. 12 वर्षांनी मिळणार 66 लाख. '11 पट' हा हिशेब 66 ला एकाच हप्त्याने भागून केलेला आहे. सातही हप्ते धरले तर परतावा वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास पडतो. साधी एफडीसुद्धा यापेक्षा जास्त देते. करमुक्त हेही खोटं. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर असेल, तर मुदतीअंती होणारा फायदा करपात्र असतो. तुमच्या बाबतीत 24 लाखांचा फायदा एकाच वर्षी उत्पन्नात धरला जाईल. आणि विमा कशासाठी? पगार थांबला, घर पगारावर चालत नाही, मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे. पगार बंद झालेल्या माणसाला दरवर्षी 6 लाखांचा हप्ता बांधून देणाऱ्याला मी सल्लागार म्हणणार नाही.

पॉलिसी तुमच्या हाती 6 जूनला पडली. हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करायचा हक्क तुम्हाला आहे. कंपनीने मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकी सगळी रक्कम परत द्यायची असते. 6 लाखांपुढे ही कपात किरकोळ आहे. अर्ज थेट विमा कंपनीच्या नागपूर शाखेत द्या, तारखेसह पोच घ्या, त्याच दिवशी ईमेलही करा. बँकेतले साहेब म्हणतील, 'एक महिना थांबा, दुसरी चांगली योजना देतो.' थांबू नका, त्यांना मुदत संपेपर्यंतच तुम्हाला थांबवायचं असतं. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवर आणि शेवटी विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी लागत नाही. हे पत्र बाजूला ठेवून आधी तेवढं करून या.

मुदत हुकली आणि व्हॅनही घेतली, तर काय होईल ते बघा. 10 लाख आणि पहिला हप्ता गेल्यावर उरतात 52 लाख. 14 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सव्वातेवीस हजार. त्यात घरखर्च आणि पॉलिसीचे 6 लाख मिळवले, पेन्शन वजा केली, की वर्षाला साडेबारा लाख लागतात. 7 टक्के व्याज धरूनही पाचव्या वर्षी खातं रिकामं होतं. तेव्हा तुम्ही 65 चे, पत्नी 61 च्या, आणि पॉलिसीचे हप्ते अजून बाकीच असतील.

6 लाख परत आले की 30 लाख सीनियर सिटिझन योजनेत टाका. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी महिन्याला साडेवीस हजार पडतात, जरी ते तिमाहीने मिळत असले तरी. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे 15 लाख, 7.4 टक्क्यांनी सव्वानऊ हजार. पेन्शनसह पावणेतेहतीस हजार झाले. उरलेल्या 23 लाखांतून महिन्याची तूट, आजारपण आणि महागाई निभवायची आहे. 6 टक्के महागाईने आजचे 35 हजार 12 वर्षांनी 70 हजार होतात, आणि पत्नीसाठी 30 वर्षांची तजवीज हवी. 68 लाख एकदम दिसतात म्हणून खूप वाटतात. ऑफिसचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला आणि तुम्ही नवा घेतलेला नाही, हे फोनवर कळलं. तो याच महिन्यात घ्या, आजार लपवू नका.

आता व्हॅन. कर्जाने की एफडीतून, या प्रश्नाचं उत्तर 'कशातूनही नको' असं आहे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, अपघात झाला तर विमाही हात वर करतो. त्यामुळे ते 40 हजार सोडून द्या. आरटीओची मंजुरी न घेता गाडीची रचना बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. गॅरेजवाल्याकडे मंजुरीचा कागद मागा, तो काय म्हणतो ते ऐका. विम्याच्या हिशेबात 5 वर्षांत गाडीची किंमत निम्मी धरतात: वर्षाला 2.4 लाख तिथेच गेले. विमा, टायर, सर्व्हिसिंग धरून 3 लाख. ती वापराल किती दिवस? मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश असतं, उभ्या गाडीत लॅब्राडॉर ठेवणं जिवावरचं आहे. पावसाळ्यात शेतातल्या चिखलात ती अवजड गाडी घालता येणार नाही. राहतात थंडीचे महिने. 40 रात्री धरल्या तर रात्रीला साडेसात हजार, डिझेल वेगळं.

शिवाय वीज, पाणी आणि संडासाच्या टाकीची सोय असलेले व्हॅनचे तळ आपल्या भागात जवळपास नाहीतच. व्याघ्र प्रकल्पात कुत्रा नेता येत नाही. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार वन्यप्राण्यांना लागू शकतो, म्हणून हा नियम योग्यच आहे. म्हणजे सफारीला एकाने जायचं, दुसऱ्याने कुत्र्याजवळ थांबायचं. या गावांच्या आसपास बिबटे फिरतात, रात्री त्याला बाहेर बांधू नका.

तुमची हौस मला पटते, ती पुढे ढकलू नका. घरच्या गाडीने जा. कुत्रा चालतो का हे आधी फोनवर विचारून होम स्टे किंवा कृषी पर्यटनाची जागा ठरवा. जेवणासह रात्रीचे 3 हजार धरले तरी 20 रात्रींचे 60 हजार होतात, ते 23 लाखांतून झेपतील. निघण्याआधी त्याचं रेबीजचं आणि डिस्टेंपरचं लसीकरण पूर्ण करा, गोचिडांचं औषध लावा. गाडीत झोपायचंच असेल, तर डिसेंबरात पिवळ्या पाटीची कॅम्पर व्हॅन 3 दिवसांसाठी भाड्याने घ्या आणि तिघंही त्यात झोपून बघा.