वाचकांचे प्रश्न : एका विहिरीत गोटे, दुसऱ्या विहिरीत कातळ

प्रश्न : आमचं शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. यंदा विहीर खोल केली, तर साठ फुटांपर्यंत गोल गोटे आणि पिवळसर माती. कातळ लागलाच नाही. माझ्या सासरवाडीला, साक्रीकडे, हातभर मातीखाली मुरूम आणि दहा-बारा फुटांवर पहारही जाईना असा कातळ. दगड मात्र दोन्हीकडे काळाच. असं का? आणि आमच्या गोट्यांच्या शेतात धरणातला गाळ टाकला तर जमीन सुधारेल का?
– एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : दोन्हीकडचा दगड एकच, हे तुम्ही बरोबर हेरलंत. तो बेसॉल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, आणि अशा थरांनी महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकून टाकला. साक्रीची माती त्या दगडावर जागच्या जागी तयार झाली. तुमची दुसरीकडून वाहून आली. सगळा फरक इथून सुरू होतो.

मी धुळ्याला भूशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना नमुन्यांच्या कपाटापेक्षा विहिरींच्या काठावर जास्त उभं केलं. सासरवाडीला जाल तेव्हा एखाद्या न बांधलेल्या विहिरीची कड नीट बघा. वर काळी माती. तिच्या खालच्या भागात पांढरे, हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे. त्याखाली पिवळट-तपकिरी मुरूम. तो हातात घेतला तर दगडासारखा दिसतो, पण बोटांनी चुरडतो. त्या मुरमातच मधेमधे गोल गड्डे असतात, त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात आणि आत काळा, टणक गाभा निघतो. खाली गेलात की गाभे मोठे होत जातात, मधला मुरूम कमी होतो, आणि मग सलग कातळ.

ही सगळी एकाच दगडाची वेगवेगळी वयं आहेत. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्ल होतं, सांध्यांतून आत शिरतं आणि दगडातली खनिजं विरघळवायला लागतं. कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी मारा करतं, म्हणून चौकोनी तुकडे गोल होतात. त्यातून सुटलेला कॅल्शियम खाली जाऊन चुनखडी होतो, लोह गंजून मुरमाला पिवळा रंग देतं, आणि बाकी राहते ती अतिशय बारीक चिकणमाती. पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आक्रसणारी. एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या हिच्यामुळे.

सासरवाडीच्या शिवारात सरळ भिंतीसारखी पसरलेली काळ्या दगडांची टेकडीही दिसेल. धुळे-नंदुरबारकडे अशा कितीतरी आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. भेगेतून वर येताना लाव्हा तिथेच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही भिंत उरली. तिला डाईक म्हणतात. विहिरीची जागा ठरवताना ती जरूर बघावी, कारण जमिनीखालचं पाणी ती अडवते. एका बाजूच्या विहिरीला भरपूर पाणी आणि पलीकडची कोरडी, असं घडू शकतं.

आता तुमच्याकडे येऊ. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मोठा भंग आहे. डोंगर वर राहिला, तापीचं खोरं खाली खचलं. सुकी, मोर यांसारख्या नद्या डोंगरातून जोरात येतात आणि सपाटीवर आल्या की त्यांचा जोर एकदम मोडतो. जे जड आहे ते आधी खाली पडतं. म्हणून गोटे पायथ्याला, त्यापुढे वाळू, आणि तापीजवळ बारीक गाळ. तुमचे गोटे हे सातपुड्याचाच बेसॉल्ट. गडगडत आल्याने गोल झाले. लाखो वर्षं हे भरणं चालू आहे. तुमच्या भागात कातळ आहे, पण या भरावाच्या फार खाली.

या गोट्यांवर रागावू नका. पावसाळ्यात डोंगरातून आलेलं पाणी याच पट्ट्यात जमिनीत मुरतं आणि खालच्या केळीच्या बागांच्या विहिरींना मिळतं. यावल-रावेरची पाण्याची पातळी कशी खोल गेली आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. अशा वेळी पायथ्याच्या नाल्यांतले गोटे-वाळू उपसून नेणं किंवा नाल्याचा तळ सिमेंटने बंद करणं म्हणजे सगळ्या तालुक्याचं पाणी तोडणं आहे. ग्रामसभेत हा विषय निघाला तर कृपा करून गप्प बसू नका.

गाळाबद्दल. तुमच्या जमिनीत पाणी आणि खत ठरत नाही, गाळातली चिकणमाती ते धरून ठेवते, तेव्हा फायदा होईल. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाही आहे, तालुक्याला चौकशी करा. पण फूटभर थर एकदम ओतू नका. वर चिकण आणि खाली गोटे असे दोन वेगळे थर राहिले तर पाणी वरच्या थरातच तुंबतं आणि केळीची मुळं सडतात. एक-दोन इंच पसरा, खोल नांगरून मिसळा, एक पीक घ्या, मग पुढचं ठरवा. एका एकरावर एक इंच थर म्हणजे साधारण 36 ब्रास, त्यावरून वाहतुकीचा हिशेब आधीच करा.

गाळ आणण्याआधी मूठभर गाळ काचेच्या बरणीत पाण्यात घालून जोरात हलवा. रेती मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. जवळजवळ सगळं मिनिटभरात खाली बसलं, तर तुम्ही पैसे देऊन रेती आणत आहात. क्षार आणि सामू (म्हणजे pH, माती किती आम्ल वा अल्क आहे ते) मात्र माती परीक्षण प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. खारवट गाळ एकदा रानात मिसळला की काढता येत नाही.

प्रश्न : दगड एकच, तर कोकणात माती लाल आणि आमच्या अमळनेरला काळी कशी?
– बारावीतली विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : पावसामुळे. कोकणात वर्षाला 2500 ते 3000 मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी दगडातला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेतं. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, त्यांचाच जांभा होतो आणि रंग लाल. तुमच्याकडे सहा-सातशे मिलिमीटर पाऊस आणि नंतर लांबलचक कोरडे महिने. कॅल्शियम जमिनीतच राहतो, फुगणारी चिकणमाती तयार होते, आणि तिच्या कणांना घट्ट चिकटलेला थोडासा कुजलेला अंश तिला काळी करतो. थोडासा, हे लक्षात ठेव: आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा कमीच असतो. घरी शेती असेल तर वडिलांना हे जरूर सांग, कारण काळी आहे म्हणून शेणखत लागत नाही, असं पुष्कळ जण धरून चालतात.