फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी नेमके कोणते ब्रेकपॉइंट घ्यावेत?

नव्या वेबसाइटसाठी ३२०, ७६८ आणि १०२४ पिक्सेल हे ब्रेकपॉइंट, म्हणजे ज्या रुंदीला पानाची मांडणी बदलते ते आकडे, पुरेसे होतील का, आणि फोनसाठी निराळी साइट केल्यास काम सोपे होईल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पहिल्या प्रश्नात मात्र ब्रेकपॉइंट उपकरणांवरून ठरतात हे गृहीतच धरलेले आहे, आणि माझा आक्षेप त्या गृहीतकाला आहे.

२०१४ च्या सुमारास मी पुण्यातील एका लहान कंपनीत फ्रंट-एंडचे, म्हणजे साइटचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग लिहिण्याचे, काम करत होते. अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तक विक्रेत्याची साइट आमच्याकडे आली. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत दुकानापुढे पालकांची रांग लागते, तेव्हा लोकांनी घरूनच किंमत पाहून मागणी नोंदवावी, एवढीच त्या गृहस्थांची अपेक्षा होती. आमच्या वरिष्ठांनी फोनसाठी निराळ्या पत्त्यावर दुसरी साइट करण्याचे ठरवले. मी विरोध केला; रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्येच मांडलेली आहे, लवचीक ग्रिड (रकान्यांची चौकट), लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे नियम) यांच्या आधारे एकच पान सर्वत्र चालते, हे मी बैठकीत सांगितले. ते ऐकून घेतले गेले नाही. पुढे जून महिन्यात किमती बदलल्या, त्या मुख्य साइटवर भरल्या गेल्या आणि फोनच्या साइटवर जुन्याच राहिल्या. पालक फोनवरची किंमत दाखवून काउंटरवर वाद घालू लागले आणि त्याचा सगळा मनस्ताप त्या सज्जन दुकानदारांना झाला.

त्यानंतर दोन्ही साइट एकत्र झाल्या, परंतु वरिष्ठांनी आपण लिहिलेल्या याच तीन रुंदींचा आग्रह धरला. नमुना चित्रांत पुस्तकांची नावे इंग्रजीत आणि आखूड होती. प्रत्यक्षात ‘स्पर्धापरीक्षा’, ‘प्रश्नपत्रिकासंच’ असे लांबलचक शब्द आले, मराठी शब्द ब्राउझर स्वतःहून मध्येच तोडत नाही, आणि उभ्या धरलेल्या टॅबलेटवर किमतीचा रकाना पडद्याबाहेर गेला. आडव्या धरलेल्या फोनची रुंदी तर त्या तीन आकड्यांच्या मधेच कोठेतरी पडत होती. शेवटी ते पान मी माझ्या पद्धतीने नव्याने लिहिले. प्रथम ३२० पिक्सेलच्या रुंदीत प्रत्येक पुस्तकाचा मजकूर एकाखाली एक लावला, मग ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करत नेली, आणि सर्वांत लांब नाव, किंमत व ‘मागणी नोंदवा’ हे बटण जेथे एका ओळीत ऐसपैस मावले, तेथे पहिला ब्रेकपॉइंट दिला. तो पिक्सेलमध्ये न देता ईएममध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकारावर आधारलेल्या मापात, दिला, म्हणजे ब्राउझरमध्ये अक्षरे मोठी करून ठेवणाऱ्यालाही मांडणी योग्य वेळी बदललेली मिळते. ती मांडणी त्या वेळी बाजारात नसलेल्या फोनांवरही नीट चालत राहिली, याचा मला आजही अभिमान आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ब्रेकपॉइंट मजकुराने ठरवायचा असतो. उपकरणांची यादी दरवर्षी बदलते आणि तिच्यामागे धावणाऱ्याचे काम कधीच संपत नाही. बहुतेक साध्या साइटना दोन ब्रेकपॉइंट पुरतात. काही पानांना एकही लागत नाही, कारण फ्लेक्सबॉक्स आणि २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आलेले सीएसएस ग्रिड या मांडणीच्या पद्धती जागेनुसार रकाने आपोआप मांडू शकतात. २०२३ पासून कंटेनर क्वेरीही सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतात, त्यामुळे पडद्याऐवजी त्या त्या घटकाला मिळालेल्या रुंदीवरून मांडणी ठरवता येते. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान फोनच्या पडद्याच्या रुंदीत बसवायला सांगणारी ओळ, आपण घालतच असाल. त्यात झूम बंद करणारी सूचना मात्र कधीही घालू नये. देवनागरीसाठी ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे अधिक ठेवावे, अन्यथा वरच्या ओळीतील उकार आणि खालच्या ओळीतील वेलांटी एकमेकांना भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, कारण शिरोरेषा तुटते.

फोन, टॅबलेट आणि लॅपटॉपची तीन चित्रे दाखवल्याशिवाय क्लायंट मंजुरी देत नाही, हा आमच्या वरिष्ठांचा मुख्य मुद्दा होता आणि तो मला तेव्हाही पटला नव्हता. चित्रे जरूर दाखवावीत. करारात मात्र ‘तीन डिझाइन’ असे लिहू नये. ३२० पिक्सेलपासून पुढे कोणत्याही रुंदीला आडवे स्क्रोल न करता मजकूर वाचता येईल, असे लिहावे. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील निकषही याच रुंदीचा आहे. १२८० पिक्सेलच्या खिडकीत पान ४०० टक्के मोठे केले की नेमकी तेवढीच रुंदी उरते.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. दिवसभर कार्यालयात बसून वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला फोनवर सगळेच दाखवण्याचा अट्टहास करू नये. तेथे फोनसाठी मोजकी कामे निवडणे रास्त आहे. नकाशे आणि अनेक रकान्यांचे आकडेवारीचे तक्ते यांना वरील निकषातूनही सूट आहे, तेव्हा तेवढा भाग त्याच्या चौकटीत आडवा सरकू द्यावा, बाकीचे पान जागचे हलू देऊ नये.