‘रंगीत तालमी’त करिअर होते का?

(सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातून एका पालकांनी पत्र पाठवले आहे. त्यांची मुलगी मिरजेला बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पावसाळ्यापूर्वी नदीकाठी झालेल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या रंगीत तालमीत तिच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनींना ‘जखमी’ केले होते. तिच्या गळ्यात तातडीच्या रुग्णाची लाल पट्टी होती, तरी ती पाऊण तास गवतावर पडून राहिली आणि पायाला नुसते खरचटलेल्या, हिरव्या पट्टीच्या मैत्रिणी आधी रुग्णवाहिकेत बसून निघून गेल्या. घरी येऊन तिने दोन पानी टिपण लिहिले व महाविद्यालयात दिले. ते कोणी वाचले नाही. तेव्हापासून ‘मला हेच काम करायचे आहे’ असे ती म्हणते. वडील विचारतात की, हे शेवटी नाटकच असेल तर त्यात पोट भरेल अशी नोकरी आहे का, त्यासाठी नर्सिंग सोडून आपत्ती व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का, आणि पुराच्या पाण्यात मुलीला कसे पाठवायचे.)

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान होईल. नर्सिंग सोडू देऊ नका. चार वर्षांची पदवी, त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पाठोपाठ किमान दोन-तीन वर्षे एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात वा अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष काम, एवढा पाया झाल्याशिवाय तिने आपत्तीच्या प्रशिक्षणाकडे पूर्ण वेळ वळू नये. ज्याने रात्रपाळीत एका वेळी आलेले दहा अपघातग्रस्त कधी सांभाळलेले नाहीत, त्याने पन्नास अपघातग्रस्तांचा सराव आखला तर तो कागदावर सुरेख दिसतो आणि मैदानात कोलमडतो. शिवाय ‘सराव-नियोजक’ अशा नावाचे पद आपल्याकडे जवळजवळ नाही. ते काम कोणत्या ना कोणत्या मूळ व्यवसायावर चढवलेला दुसरा मजला असतो.

आता नाटकाविषयी. आपला शब्द मला खटकला नाही, कारण वर्तमानपत्रेही ‘रंगीत तालीम’ असेच लिहितात आणि पुष्कळ ठिकाणी ते नाटकच असते. एका संस्थेत मी पाहुणी म्हणून गेले होते, तेव्हा अकरा वाजता ‘आग’ लागणार होती आणि पावणेअकरालाच सगळे कर्मचारी टोप्या घालून मैदानात रांगेत उभे होते. रुग्णवाहिका तर इंजिन चालू ठेवूनच थांबली होती. साडेअकराला फोटो, बाराला चहा. ‘तालीम यशस्वी’ असे फलकावर आधीच छापून आणलेले होते. अशा तालमीत कोणी काही शिकत नाही, कारण चुकायला जागाच ठेवलेली नसते.

आपल्या कन्येच्या बाबतीत मात्र तालीम चुकली, आणि म्हणूनच ती उपयोगाची ठरली. तिने जे पाहिले ते तिच्या महाविद्यालयापुरते नाही. अनेक माणसे एकदम जखमी झाली की लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशा पट्ट्या लावून क्रम ठरवायचा असतो. लाल म्हणजे तातडीने उपचार मिळाले तर वाचेल असा रुग्ण, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा चालता-बोलता, आणि काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. पण हिरव्या पट्टीचा माणूस स्वतःच्या पायांनी वाहनापर्यंत पोहोचतो, ओरडूही शकतो. लाल पट्टीचा गप्प पडलेला असतो. खऱ्या दुर्घटनांतही किरकोळ जखमी रुग्णालयात आधी पोहोचतात आणि खाटा अडवतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणजे हिरव्यांना वेगळ्या जागी नेऊन बसवणारा एक माणूस आणि रुग्णवाहिकेच्या दाराशी पट्टीचा रंग पाहूनच आत घेणारा दुसरा माणूस नेमणे. तिच्या तालमीत बहुधा हे दोघे नव्हते. ही उणीव कोरड्या मैदानात कळली, याला मी नाटक म्हणणार नाही.

या क्षेत्रातील सराव मैदानातल्या धावपळीपुरते नसतात, हे आपण समजून घ्यावे असे मला वाटते, कारण नोकरीचा प्रश्न त्याला जोडलेला आहे. सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रकार म्हणजे टेबल-टॉप सराव. संबंधित अधिकारी एका टेबलाभोवती बसतात, नियंत्रक एक प्रसंग मांडतो आणि ठरावीक वेळाने नवी माहिती असलेली चिठ्ठी पुढे सरकवतो. या चिठ्ठीला ‘इंजेक्ट’ म्हणतात. आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. समजा, नियंत्रक म्हणाला की रात्रीचे दोन वाजले आहेत, पाणी 42 फुटांवर आहे, कोयनेतून विसर्ग वाढला आहे आणि पाऊस थांबलेला नाही. पहिली चिठ्ठी येते: नदीकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वीज गेली. लसींचा आयएलआर, म्हणजे लसी साठवण्याचा शीतकपाट, किती तास थंड राहील, जनरेटर तळघरात आहे की गच्चीवर, डिझेलची चावी कोणाकडे, आणि तो माणूस राहतो कोठे? दुसरी चिठ्ठी: पुढील आठवड्यात प्रसूती होणाऱ्या महिलांची यादी हवी. यादी आशाताईंच्या वहीत आहे, पण वही ज्या घरात आहे तेथे पाणी शिरते आहे. तिसरी चिठ्ठी: तालुक्यात डायलिसिसवर असलेले रुग्ण किती, आणि मिरजेचा रस्ता बंद झाला तर त्यांना कोणत्या गावी न्यायचे? या प्रश्नांपैकी निम्म्यांना टेबलाभोवतीचा एकही माणूस उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा तो सराव वसूल झाला असे समजायचे. खर्च काय, तर चहा आणि कागद.

असे प्रसंग लिहिणे, चिठ्ठ्यांचा क्रम लावणे, घड्याळ लावून निरीक्षण करणे आणि नंतर उणिवांचा अहवाल तयार करून सहा महिन्यांनी ‘डिझेलची चावी आता कोठे आहे?’ हे पुन्हा जाऊन विचारणे, हेच ते काम होय. मैदानातील सायरन आणि दोरखंड हा त्यातला लहान भाग. म्हणून मी आपल्या कन्येचे धाडस किती आहे हे विचारणार नाही. कोणी न वाचलेले ते टिपण पुन्हा लिहिण्याची तिची तयारी आहे का, हे विचारीन. वरिष्ठांना न आवडणारी गोष्ट सौम्य शब्दांत, पण न गाळता लिहिणे ज्यांना जमत नाही ती माणसे या कामात फार लवकर फलकावर ‘यशस्वी’ लिहू लागतात.

आरोग्य आणि आपत्ती यांची सांगड का, असेही आपण ओझरते विचारले आहे. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, ही आठवण सर्वांना आहे; पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांनी लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, ती आठवण थोड्यांना आहे. पुराचा दुसरा हप्ता रोगाच्या रूपाने येतो. विहिरींचे शुद्धीकरण, नळाच्या टोकाला ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने पाण्यातील क्लोरीन तपासणे, निवारा केंद्रातील शौचालये, सर्पदंशाच्या लसीचा साठा, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिलेले वृद्ध, अशा सगळ्याची तालीम करता येते, आणि ती बोट चालवण्याच्या तालमीपेक्षा कितीतरी कमी वेळा होते. परिचारिकेचे स्थान येथे आहे.

नोकऱ्यांविषयी स्पष्टच लिहिते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद आहे, परंतु महाराष्ट्रात ते बहुतेक ठिकाणी कंत्राटी आहे आणि जिल्ह्याला एक. त्याच्या भरवशावर आयुष्याचे गणित मांडू नये. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील साथरोगविषयक पदेही कंत्राटी असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे आणि त्या दलाची अकादमी नागपूरला आहे, पण त्या दलात जवान निमलष्करी दलांतून येतात, त्यामुळे तो रस्ता वेगळा. नागपूरचेच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी उत्तम आहे, आपल्या कन्येसाठी नाही.

मला अधिक भरवशाच्या वाटतात त्या दोन जागा, ज्यांचा या विषयाच्या चर्चेत कोणी उल्लेख करत नाही. पहिली, मोठी रुग्णालये. एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मंडळ) या संस्थेचे मानांकन हवे असलेल्या रुग्णालयाला आग, सामूहिक दुर्घटना अशा प्रसंगांचे सराव नियमित घेऊन त्यांची नोंद ठेवावी लागते, आणि गुणवत्ता विभागात हे काम प्रामुख्याने अनुभवी परिचारिकाच पाहतात. दुसरी, रासायनिक कारखाने. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर कायदे कडक झाले. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याला आपल्या आवारातील आपत्कालीन आराखड्याची तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते, आणि आवाराबाहेरच्या आराखड्याची तालीम वर्षातून किमान एकदा प्रशासनाने घडवून आणायची असते. तारापूर, तळोजा, महाड, लोटे येथे असे कारखाने दाटीने आहेत आणि त्यांच्या व्यावसायिक आरोग्य केंद्रांना वायुबाधित रुग्ण हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका हवी असते. गंमत अशी की, नदीकाठच्या पुराने सुरू झालेली तिची ओढ तिला एखाद्या एमआयडीसीत नेऊन पोहोचवेल. त्याला हरकत नसावी. याशिवाय नाशिक-त्र्यंबकेश्वरचा 2026–27 चा सिंहस्थ समोर आहे. 2003 मध्ये तेथील चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले, 2005 मध्ये मांढरदेवीला त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे गर्दीच्या आरोग्यव्यवस्थेचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची गरज या काळात वाढेल. तिने स्वयंसेवक म्हणून तरी तेथे काम करावे, एवढे मोठे प्रत्यक्ष शिक्षण दुसरीकडे मिळायचे नाही.

पदव्युत्तर शिक्षणाचा विचार अनुभवानंतर करावा, आणि तेव्हा मी आपत्ती व्यवस्थापनाच्या आधी सार्वजनिक आरोग्याची पदवी, म्हणजे एमपीएच, सुचवीन. कारण त्या पदवीला आपत्ती नसलेल्या वर्षीही काम असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ती आहे आणि तेथेच आपत्ती अभ्यासाचे स्वतंत्र शिक्षणही मिळते. प्रवेशाच्या अटी बदलत असल्याने त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूची आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे. मात्र शहराशहरांतून निघालेल्या, ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्या एक वर्षाच्या महागड्या पदविकांपासून दूर राहावे. साधी कसोटी सांगते: गेल्या दोन वर्षांतील पाच-दहा भरतीच्या जाहिराती समोर ठेवाव्यात आणि त्यांपैकी किती जाहिरातींत त्या पदविकेचे नाव पात्रतेत आहे ते मोजावे.

आत्ता, शिकत असताना, पैसे न घालवता बरेच करता येते. ‘आपदा मित्र’ योजनेत 18 ते 40 वयाच्या स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात पुढील तुकडीची चौकशी करावी. दिल्लीच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनाशुल्क आहेत. संघटनेच्या सराव-पद्धतीवरील अभ्यासक्रमापासून तिने सुरुवात करावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये काढलेली घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वेही तिने वाचावीत. वाचायला रूक्ष आहेत, पण मैदानात कोणी कोणाला आदेश द्यायचा हे त्यात स्पष्ट आहे, आणि लाल पट्टी पाऊण तास का पडून राहिली याचे निम्मे उत्तर तिला तेथे सापडेल. पदवीनंतर बीएलएस व एसीएलएस ही जीवरक्षक उपचारांची (प्राथमिक व प्रगत) प्रमाणपत्रे घ्यावीत. ती दोन वर्षांनी नव्याने घ्यावी लागतात.

भीतीविषयी. 8 ऑगस्ट 2019 ला पुरात उलटलेली ब्रह्मनाळची बोट आपल्या तालुक्याने पाहिली आहे, त्यामुळे आपल्या काळजीला मी पोकळ दिलासा देणार नाही. क्षमतेहून अधिक माणसे भरलेल्या बोटीत आपली मुलगी चढेल का, असा आपला मनातला प्रश्न असावा. प्रशिक्षणात पहिली शिकवण हीच असते की बचावकर्त्याने दुसरा बळी व्हायचे नाही: जीवरक्षक जाकीट नसेल तर चढायचे नाही, बोट भरली की नाही म्हणायचे, समोर कोणीही रडत असले तरी. हे बोलायला सोपे आणि करायला फार कठीण आहे. म्हणूनच ते आधी अनेकदा करून पाहावे लागते. तिच्या कामाचे ठिकाण तसे पाहता बहुतांशी निवारा केंद्र, रुग्णालय आणि बैठकीची खोली हेच राहील.

शेवटी त्या दोन पानांविषयी. ती तिने जपून ठेवावीत आणि एकदा पुन्हा लिहावीत. ‘कोणी लक्ष दिले नाही’ असे वाक्य असेल तर ते काढावे आणि त्या जागी ‘पट्टी किती वाजता बांधली, पहिला माणूस जवळ किती वाजता आला, स्ट्रेचर किती वाजता पोहोचले’ एवढेच यावे. मग ती प्राचार्यांच्या पत्रासह जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात द्यावीत. पुढच्या पावसाळ्याआधीच्या बैठकीत ती वाचली जाण्याची शक्यता बरीच वाढेल. पहिल्या मसुद्यात तिने वेळा लिहिल्या होत्या की नाही, तेवढे तिला विचारून मला जरूर कळवावे.

आपली,
करिअर मार्गदर्शक