वाचकांचे प्रश्न : संगणकातले रंगीत दिवे घ्यावेत की नाहीत?

प्रश्न : नवा डेस्कटॉप जुळवतो आहे. रॅम, पंखे, कूलर सगळेच साधेही मिळतात आणि आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा मिसळून हवा तो रंग दाखवणाऱ्या, दिव्यांचेही. दिव्यांमुळे दिसण्यापलीकडे काही फरक पडतो का? आणि घ्यायचेच तर कशात घ्यावेत?

वेगात काडीचाही फरक पडत नाही. रॅमची गती आणि टायमिंग (प्रतिसादाला लागणारा वेळ) सारखं असेल तर दिवेवाली रॅम आणि साधी रॅम एकच काम करतात. त्यामुळे दिव्यांसाठी पैसे काढताना एसएसडीची साठवण किंवा पॉवर सप्लायचा दर्जा खाली आणावा लागत असेल, तर दिवे सोडून द्या. सगळं मनासारखं बसल्यावर पैसे उरत असतील आणि कॅबिनेट टेबलावर डोळ्यांसमोर राहणार असेल, तर हौसेला आमची हरकत नाही. टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या कॅबिनेटमध्ये मात्र दिवे कोणासाठी लावायचे?

आमचा साधा नियम असा : दिवे अशा भागांत घ्या, जे सहज काढता-बदलता येतात. म्हणजे पंखे आणि चिकटपट्टीच्या एलईडी पट्ट्या. पट्टी बिघडली तर ती सोलून टाकता येते. रॅमच्या डोक्यावरचा एक दिवा बिघडला तर मात्र चांगली चालणारी रॅम वॉरंटीसाठी पाठवायची की तसंच चालवून घ्यायचं, हा पेच पडतो.

रॅमच्या बाबतीत उंचीही बघा. डीडीआर मॉड्यूलचं, म्हणजे रॅमच्या पट्टीचं, नुसतं सर्किट बोर्ड ३१ मिलिमीटरच्या आसपास उंच असतं. वर दिव्यांची प्लास्टिक पट्टी आली की ४२ ते ४५ मिलिमीटर सहज होतात. मोठ्या टॉवर एअर कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या पहिल्या खाचेवर येतो आणि तिथेच अडतो. पंखा वर सरकवला की तो कॅबिनेटच्या काचेला लागतो. कूलरच्या माहितीपत्रकात रॅमसाठी किती उंची मोकळी आहे ते दिलेलं असतं. ते आधी वाचा.

पंख्यांमध्येही एक मेख आहे. काही पंख्यांत दिव्यांचं कडं चौकटीच्या आत बसवतात, त्यामुळे १२० मिलिमीटरच्या पंख्यात पाती लहान होतात. रेडिएटरवर (पाण्याच्या कूलरच्या जाळीदार भागावर) किंवा जाळीमागे लावायचे असतील तर असे पंखे टाळावेत; दिवे मधल्या गाभ्यात असलेले पंखे त्या मानाने बरे. आणि दिवे दिसावेत म्हणून समोर सलग काच असलेलं कॅबिनेट घेणार असाल, तर पुढच्या पंख्यांना हवा कुठून मिळते ते आधी तपासा. बाजूच्या बोटभर फटीतून तीन पंख्यांना पुरेशी हवा येत नाही. दिव्यांपेक्षा त्या काचेनेच तापमान जास्त वाढतं.

प्रश्न : नव्या पंख्यांच्या दिव्यांची वायर मदरबोर्डला जोडली. सुरू करताच क्षणभर लख्ख उजेड पडला आणि दिवे कायमचे गेले. पंखे मात्र फिरताहेत. असं का झालं?

बहुधा ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टच्या हेडरवर (मदरबोर्डवरच्या वायर जोडायच्या पिनांवर) लागले. या क्षेत्रातली ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे.

मदरबोर्डवर दिव्यांसाठी दोन प्रकारचे हेडर असतात. चार पिनांचा आरजीबी हेडर १२ व्होल्टचा असतो : एक पिन विजेची, बाकीच्या तीन हिरवा, लाल आणि निळा रंग चालवणाऱ्या. त्यावर अख्खी पट्टी एका वेळी एकाच रंगाची होते. दुसरा तीन पिनांचा, ५ व्होल्टचा एआरजीबी. तिथे विजेची पिन, डेटाची पिन, मग एक रिकामी जागा आणि शेवटी ग्राउंड. यात प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असते, म्हणून प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवू शकतो आणि लाटा, इंद्रधनुष्य वगैरे खेळ जमतात.

खऱ्या एआरजीबी प्लगमध्ये त्या रिकाम्या जागेचं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे तो चार पिनांवर बसत नाही. पण स्वस्त स्प्लिटर (एका वायरीच्या अनेक करणारे) आणि एक्स्टेन्शन वायरींमध्ये ते भोक उघडं असतं आणि प्लग निमूट बसतो. दिव्यांचा वीजपुरवठा समांतर असल्याने १२ व्होल्ट सगळ्या चिपांना एकदमच बसतात. म्हणून एकही दिवा वाचत नाही. पंख्याची मोटर वेगळ्या वायरीवर आणि मुळात १२ व्होल्टचीच, म्हणून ती चालू राहिली.

आता करायचं एवढंच : संगणक बंद करून मुख्य वायर काढा. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये हेडरचं नाव शोधा. एमएसआयच्या अनेक बोर्डांवर ५ व्होल्टला जे-रेनबो आणि १२ व्होल्टला जे-आरजीबी असं छापलेलं असतं. इतरांची नावं निराळी, म्हणून नावापेक्षा मॅन्युअलमधला व्होल्टेजचा आकडा बघा. मग चालू असलेली एखादी ५ व्होल्टची पट्टी योग्य हेडरवर लावून बघा. ती लागली तर मदरबोर्ड शाबूत आहे, फक्त पंख्यांचे दिवे गेले. पंखे दिव्यांविना वापरत राहायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : एका एआरजीबी हेडरवर स्प्लिटर लावून किती पंखे जोडता येतील?

हेडरची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. बहुतेक बोर्डांवर ती ३ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टला १५ वॅट. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा नेहमीचा दिवा पूर्ण पांढरा उजळला तर तिन्ही रंगांचे २०-२० मिलिअँपिअर धरून ६० मिलिअँपिअर खातो. पंख्यात १२ दिवे असतील तर ७२० मिलिअँपिअर. असे चार पंखे २.८८ अँपिअरवर जातात आणि तिथे थांबायचं. ही गणना सर्वांत वाईट स्थितीची आहे. नव्या बारीक दिव्यांना वीज कमी लागते आणि इंद्रधनुष्यी लाटेत सगळे दिवे एकदम पांढरे होत नाहीत. पण एखादा प्रोग्रॅम सुरू होताना सगळं पांढरं करतो, तेव्हा तोच क्षण महत्त्वाचा. पंख्याच्या मागच्या लेबलावर एलईडीचे अँपिअर वेगळे छापलेले असतील तर तो आकडा धरा.

पाचव्या पंख्यापासून स्वतंत्र वीज घेणारा हब (अनेक वायरी जोडायचा डबा) वापरा. हबला साटा प्लगमधून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या प्लगमधून) वीज मिळते आणि साटाच्या ५ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर देऊ शकतात. तो प्लग थेट पॉवर सप्लायच्या वायरीचाच असू द्या. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून साटा करणारे, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले अडॅप्टर वापरू नका. त्यांच्या आत तारा जवळजवळ असतात, गरम झाल्या की आवरण वितळून शॉर्ट होतं आणि प्लग जळतो.

दिव्यांची वायर आणि मोटरची वायर वेगवेगळी, म्हणजे सहा पंख्यांच्या बारा वायरी. पंखे कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी वायरींच्या टोकांना चिकटपट्टीचं लेबल लावा. मागच्या फटीत हात घालून कोणती कुठली हे शोधण्यात तासभर जातो.

प्रश्न : पट्टीवर पांढरा रंग लावला की सुरुवातीला पांढरा आणि शेवटाला गुलाबी-पिवळट दिसतो. पट्टी खराब आहे का?

नाही. लांब पट्टीत व्होल्टेज वाटेत घसरतं. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या वर लागतात. म्हणून टोकाला निळा आणि हिरवा आधी मंदावतात आणि लाल तेवढा उरतो. उजळपणा निम्म्यावर आणा, नाहीतर पट्टीचे दोन तुकडे करून दोन हेडरवर लावा.

याउलट, एका ठरावीक दिव्यापुढचे सगळेच बंद असतील तर तो दोष पट्टीचाच. डेटा एका दिव्यातून पुढच्यात जातो, त्यामुळे एक मेला की त्यापुढची रांग थांबते.

प्रश्न : मदरबोर्ड, रॅम आणि पंखे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. तीन प्रोग्रॅम टाकले, तरी रंग जुळत नाहीत आणि कधी कधी रॅमचे दिवे गोठतात.

तीन प्रोग्रॅम एकाच वेळी ठेवू नका. रॅमचे दिवे एसएमबस नावाच्या वाहिनीवरून चालतात. रॅमची ओळख आणि टायमिंग सांगणारी एसपीडी चिपही त्याच वाहिनीवर असते. दोन प्रोग्रॅम एकदम तिथे लिहू लागले की दिवे गोठतात आणि एसपीडीत चुकीचं लिहिलं गेलं तर रॅम नीट ओळखलीच जात नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एसपीडीवर लिहायला बंदी घालणारी नोंद असेल तर ती चालू ठेवा.

पंखे कंपनीच्या कंट्रोलरऐवजी थेट मदरबोर्डच्या ५ व्होल्ट हेडरवर आणा, म्हणजे मदरबोर्डचा एक प्रोग्रॅम पुरेल. त्यात प्रत्येक हेडरवरच्या दिव्यांची संख्या नीट भरा. संख्या चुकली की लाट मध्येच तुटते. कीबोर्ड-माउससाठी विंडोज ११ मधलं २०२३ साली आलेलं डायनॅमिक लायटिंग बघा. अनेक कंपन्यांचे भाग एकत्र चालवणारा मुक्त स्रोतातला ओपनआरजीबीही आहे, पण तो चालवताना बाकीचे प्रोग्रॅम काढून टाकलेले असावेत.

आमचं मत विचाराल तर एकच स्थिर रंग निवडा, तो भागाच्या स्मृतीत साठवण्याची सोय असेल तर साठवा आणि प्रोग्रॅम काढून टाका. हे प्रोग्रॅम हार्डवेअरपर्यंत पोचण्यासाठी खोलवरचे ड्रायव्हर बसवतात. असाच विनरिंग०, जो अनेक दिवे आणि पंखे नियंत्रकांत वापरला जाई, २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर धोकादायक म्हणून अडवू लागला.

प्रश्न : संगणक बंद केला तरी दिवे रात्रभर चालू राहतात.

बंद संगणकातही पॉवर सप्लाय ५ व्होल्टची राखीव वीज देतो, त्यावर ते जगतात. बायोसमध्ये ईआरपी (बंद अवस्थेतली वीज कमी करणारी सोय) चालू करा किंवा बंद अवस्थेतल्या एलईडीची वेगळी नोंद शोधा. ईआरपीमुळे बंद संगणकाच्या यूएसबीवर फोन चार्ज होणं आणि नेटवर्कवरून संगणक जागा करणं थांबेल, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : दिव्यांचा काही खरा उपयोग आहे का?

थोडाफार आहे. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डच्या तापमानानुसार रंग बदलायची सोय बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते. ७० अंशांखाली निळा, ८५ च्या वर लाल असं लावलं की खेळताना वेगळा आकडा बघावा लागत नाही. अंधारात अक्षरं उजळणारा कीबोर्ड तर उपयोगीच. आणि काचेआडचे दिवे पंख्यावरची धूळही स्पष्ट दाखवतात.

सगळ्यांत कामाचा उजेड मात्र कॅबिनेटबाहेरचा : मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून लावलेली ६५०० केल्व्हिनची पांढरी पट्टी, अगदी मंद. अंधाऱ्या खोलीत पडदा आणि भिंत यांतला टोकाचा फरक कमी होतो आणि डोळे कमी शिणतात. फोटो किंवा व्हिडिओचे रंग जुळवत असाल तर तिथे रंगीत दिवे नकोत, कॅबिनेटमधलेही बंद ठेवा; पडद्यावर पडलेली झाक डोळ्यांना फसवते.