सरकारी कायद्यांचे ऑनलाइन दुवे सारखे तुटतात. टिकाऊ दुवा कसा द्यावा?

भाडेकरूंच्या हक्कांवरच्या तुमच्या माहितीपानांत कायद्यांचे दीडशेच्या वर दुवे आहेत, दर वर्षी त्यातले कितीतरी बंद पडतात आणि ‘पान उघडत नाही’ असे वाचकांचे निरोप येत राहतात, असं तुम्ही लिहिलंय. मी काही वर्षं एका विधी ग्रंथालयासाठी अशीच यादी सांभाळली आहे, त्यामुळे हा त्रास मला चांगला ठाऊक आहे. पण दुवा तुटला तर निदान कळतं तरी. खरी पंचाईत होते ती दुवा चालू असताना: कायद्याचं पान नीट उघडतं, मात्र त्यावरचं कलम तुम्ही संदर्भ दिलात तेव्हाचं उरलेलं नसतं. मधे दुरुस्ती होऊन गेलेली असते आणि तुम्हाला किंवा वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून प्रत्येक दुव्यापाशी आधी एक गोष्ट ठरवा. वाचकाला आज लागू असलेला मजकूर दाखवायचा आहे, की एखाद्या विशिष्ट दिवशी लागू असलेला? भाडेकरूने आज काय करावं हे सांगत असाल तर आजचा. जुना निकाल समजावून देत असाल तर त्या वेळचा. चांगल्या संकेतस्थळांवर या दोन्हींचे पत्ते वेगळे असतात.

या बाबतीत ब्रिटनचं ‘लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके’ हे मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार ते चालवतं आणि २०१० पासून ते सुरू आहे. १९९८ चा मानवी हक्क कायदा तिथे शोधायची गरजच पडत नाही. संकेतस्थळाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘यूकेपीजीए’ (म्हणजे ब्रिटनचा सर्वसाधारण सार्वजनिक कायदा), मग वर्ष १९९८, मग क्रमांक ४२ लिहा. कायदा समोर येतो. पुढे ‘सेक्शन’ आणि ६ जोडलं की थेट सहावं कलम. त्याच्याही पुढे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख जोडली, की त्या तारखेला ते कलम जसं होतं तसं. तारखेऐवजी ‘इनॅक्टेड’ लिहिलं तर संसदेने मंजूर केलेला मूळ मजकूर. कायद्याचा प्रकार, वर्ष, क्रमांक, कलम, तारीख: यातली एकही गोष्ट संगणकावर फाइल कुठल्या कप्प्यात ठेवली आहे यावर अवलंबून नाही. सगळ्या कायद्याच्या स्वतःच्या ओळखीतून आल्या आहेत, म्हणून उद्या संकेतस्थळाची आतली सगळी यंत्रणा बदलली तरी पत्ता तसाच ठेवता येतो.

तिथे दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. सुधारित मजकुराच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे १ फेब्रुवारी १९९१ पासूनच्या मिळतात, त्याआधीची तारीख घालून उपयोग नाही. आणि बिनतारखेच्या पानावर ‘सर्वांत अलीकडचा उपलब्ध’ मजकूर दिसतो. काही दुरुस्त्या त्यात उतरायच्या बाकी असू शकतात. तसं असेल तर पानाच्या वर सूचना असते. ती वाचल्याशिवाय ‘हा आजचा कायदा’ असं लिहू नका.

युरोपीय संघात याच विचाराला ‘युरोपियन लेजिस्लेशन आयडेंटिफायर’ असं नाव आहे, थोडक्यात ‘एली’. सदस्य देशांनी ही पद्धत स्वेच्छेने वापरावी असं संघाच्या परिषदेने २०१२ मध्ये सुचवलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा प्रसिद्ध जीडीपीआर घ्या. त्याच्या एली-पत्त्यात ‘रेग’ म्हणजे विनियम, मग २०१६, मग ६७९, आणि शेवटी ‘ओजे’ म्हणजे राजपत्रात छापला गेला तो मजकूर, असा क्रम असतो. ‘ओजे’च्या जागी तारीख घातली की त्या तारखेचा एकत्रित केलेला मजकूर मिळतो. युरलेक्सवर, म्हणजे संघाच्या कायद्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर, शोधून पान उघडलंत तर ॲड्रेस बारमध्ये भलताच लांब पत्ता दिसेल. तो उचलू नका. पानावर एलीचा दुवा वेगळा दिलेला असतो, तो घ्या.

ॲड्रेस बारमधला पत्ता जसाच्या तसा उचलणं, माझ्या अनुभवात दुवे तुटण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. त्या पत्त्यात तुमचा शोधशब्द असतो, कधी तुमच्या त्या भेटीपुरता दिलेला सेशन क्रमांक असतो, कधी पानाची भाषा आणि मांडणी असते. प्रश्नचिन्हापुढचा भाग एकेक करून काढून बघा. तरीही तेच पान उघडत असेल तर तेवढा भाग निरुपयोगी होता. मग तोच पत्ता ब्राउझरच्या खासगी (प्रायव्हेट) खिडकीत उघडा, म्हणजे सेशनवर अवलंबून असेल तर तिथेच उघडं पडेल. पानावर ‘कायमचा दुवा’, ‘पर्मालिंक’ किंवा ‘या पानाचा संदर्भ द्या’ असं काही दिसलं तर आधी तेच वापरा. आणि पीडीएफला थेट दुवा शक्यतो देऊ नका. नवी प्रत चढवली की फाइलचं नाव बदलतं आणि जुनी गायब होते.

पत्ता वाचून कळत नाही म्हणून तो टिकणार नाही, असंही समजू नका. निव्वळ आकड्यांचा ओळखक्रमांकसुद्धा वर्षानुवर्षं टिकतो. तो टिकवण्याची जबाबदारी कुणी घेतली आहे हे पाहावं लागतं. इंडिया कोड या भारतीय कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळाच्या दुव्यांत ‘हँडल’ हा शब्द आणि त्यापुढे एक ते नऊ असे ओळीने आकडे दिसतात. हँडल ही कायमचे ओळखक्रमांक देण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, शोधनिबंधांचे डीओआय हे ओळखक्रमांक तिच्यावरच उभे आहेत. पण एक ते नऊ हा ‘डीस्पेस’ या सॉफ्टवेअरमध्ये मुळात नमुना म्हणून भरलेला उपसर्ग आहे, नोंदणी करून घेतलेला नाही. त्यामुळे तो दुवा त्या संकेतस्थळापुरताच चालतो. हँडलच्या जागतिक सेवेला त्यावरून कायदा शोधून देता येत नाही. दुवा जरूर द्या, पण शेजारी अधिनियमाचं नाव, वर्ष, क्रमांक आणि कलम लिहाच.

शेजारचा हा मजकूर माझ्या लेखी दुव्याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सरकारी मुद्रणालयाने १९९४ मध्ये ‘जीपीओ ॲक्सेस’ सुरू केलं, २००९ मध्ये ‘एफडीसिस’ आणलं, आणि २०१८ च्या डिसेंबरात त्याची जागा ‘गव्हइन्फो’ने घेतली. तीन संकेतस्थळं झाली, पण सार्वजनिक कायदा १११-१४८ हा त्याच क्रमांकाने ओळखला जातो. ज्याच्याकडे क्रमांक आहे त्याला कायदा पुन्हा सापडतो. ज्याच्याकडे ‘अधिक माहितीसाठी इथे टिचका’ एवढंच आहे, त्याच्या हाती काही उरत नाही.

त्या दिवशी तुम्ही जे वाचलंत त्याचा पुरावा हवा असेल तर पानाची प्रत वेबॅक मशीन किंवा पर्मा डॉट सीसी या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या सेवांपैकी एकीवर जतन करा आणि मूळ दुव्याशेजारी तो दुवाही द्या. पर्मा हार्वर्डच्या विधी ग्रंथालयातून निघालं. तिथल्याच संशोधकांना असं आढळलं होतं, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले ५० टक्के दुवे मूळ संदर्भापर्यंत पोचत नाहीत. निकालपत्रांची ही अवस्था असेल तर आपण जपायलाच हवं.

आता तपासणीविषयी, कारण इथे मी स्वतः फसलो आहे. आमच्या यादीवर दर आठवड्याला दुवे तपासणारा प्रोग्रॅम चालायचा आणि ‘सर्व ठीक’ असा अहवाल द्यायचा. पुढे एका विद्यार्थिनीने विचारलं, की कुठल्याही कायद्यावर टिचकलं तरी एका खात्याचं मुखपृष्ठच का उघडतं? त्या खात्याने संकेतस्थळ बदलताना जुने सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले होते. सर्व्हर ४०४ (पान सापडलं नाही) ऐवजी २०० (पान मिळालं) हा उत्तर-क्रमांक देत होता, त्यामुळे प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळं सुरळीत होतं. तीन महिने चुकीचे दुवे वाचकांसमोर होते, आणि मला ते आजही लागून राहिलंय. तेव्हापासून मी उत्तर-क्रमांकावर थांबत नाही. उघडलेल्या पानात कायद्याचं नाव आणि वर्ष आहे का, हेही प्रोग्रॅमकडून तपासून घेतो.

तुमच्या यादीचं काम मी असं सुरू करेन. एक तक्ता करा: अधिनियमाचं नाव, वर्ष, क्रमांक, कलम, आजचा की तारखेचा, अधिकृत दुवा, जतन केलेल्या प्रतीचा दुवा, शेवटची तपासणी. माहितीपानांत थेट सरकारी पत्ता टाकण्याऐवजी तुमच्याच संकेतस्थळावरचा छोटा पत्ता द्या, जो या तक्त्यातून वाचकाला पुढे पाठवेल. मग एखाद्या खात्याने पत्ते बदलले तर दीडशे ठिकाणी शोधत बसावं लागणार नाही, तक्त्यातली एक ओळ बदलली की झालं. वाचकाला पुढे पाठवताना तात्पुरतं वळवणारा ३०२ हा उत्तर-क्रमांक वापरा, कायमचं वळवणारा ३०१ नको. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतात आणि तुम्ही तक्ता बदलल्यावरही काही वाचक जुन्याच पत्त्यावर जात राहतात. जे दुवे आज मेलेले आहेत त्यांचे जुने पत्ते पुसू मात्र नका. वेबॅक मशीनमध्ये तेच टाकून तुम्ही कुठल्या कायद्याचं कुठलं कलम दाखवत होतात ते बऱ्याचदा परत मिळतं.