वाचकांचे प्रश्न : जप्त केलेला डेटा वकिलांच्या टेबलावर पोचताना

(डिजिटल पुराव्याच्या प्रयोगशाळेत २१ वर्षं काम करून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका या अंकात तपासी अधिकारी, सरकारी वकील आणि एका फिर्यादी वाचकाच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी तपासी अधिकारी आहे. जप्त केलेल्या लॅपटॉपच्या डिस्कची इमेज (हुबेहूब डिजिटल प्रत) आम्ही सरकारी वकिलांच्या कार्यालयात दिली. तिथल्या सहायकाने मिळालेल्या फाइलचा हॅश (डेटावरून गणिताने निघणारी अक्षर-आकड्यांची खूण, डेटा जरा बदलला तरी ती बदलते) काढला, तो आमच्या अहवालातल्या हॅशशी जुळत नाही. वकीलसाहेब म्हणतात, हा पुरावा मी कोर्टापुढे ठेवणार नाही. आम्ही कशालाही हात लावलेला नाही. चुकलं कुठे?

तुमचं पत्र वाचताना मला माझी एक रात्र आठवली. नोकरीचं सहावं वर्ष होतं. संध्याकाळी सातला वकिलांच्या कार्यालयातून फोन आला की हॅश जुळत नाही आणि सकाळी सुनावणी आहे. मी मुद्देमाल कक्ष उघडून घेतला, साक्षीदारासमोर सील काढलं, मूळ डिस्क राइट ब्लॉकरला (डिस्कवर बाहेरून काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला) लावली आणि सगळा हॅश पुन्हा मोजायला घातला. एवढ्या मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात. मी त्या पट्टीकडे बघत बसले होते. पहाटे आकडा आला आणि तो अक्षरन् अक्षर जुळला. मग कळलं की वकिलांच्या सहायकाने हॅश काढला होता तो इमेजच्या फाइलचा. माझ्या अहवालात होता तो डिस्कवरच्या डेटाचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमची इमेज 'ई०१' या प्रकारची असेल, तर बहुधा तुमच्याकडेही हेच झालंय. या प्रकारच्या फाइलमध्ये डिस्कचा डेटा दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून भरलेला असतो. त्याच्यासोबत गुन्ह्याचा तपशील, इमेज काढणाऱ्याचं नाव, प्रत्येक छोट्या तुकड्याची तपासबेरीज (चूक पकडण्यासाठीचा आकडा) आणि शेवटी मूळ डेटाचा हॅश असं सगळं त्याच फाइलमध्ये असतं. त्यामुळे फाइलचा हॅश डेटाच्या हॅशशी जुळणारच नाही. त्यातून इमेजचे ई०१, ई०२, ई०३ असे तुकडे केले असतील, तर प्रत्येक तुकड्याचा हॅश निराळा येणार. सहायकाला इमेज फॉरेन्सिक सॉफ्टवेअरमध्ये उघडून 'व्हेरिफाय' करायला सांगा. तिथे येणारा आकडा तुमच्या अहवालाशी ताडून बघा.

मी त्या रात्री सहायकाला दोष दिला नाही, कारण पोचपावतीवर मीच नुसतं 'हॅश' असं लिहिलं होतं. कशाचा हॅश, हे लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या हस्तांतराच्या कागदावर तीन ओळी आल्या : डेटाचा हॅश, प्रत्येक फाइलचा हॅश आणि कोणत्या पद्धतीने काढला ते. पद्धत लिहिणं गरजेचं आहे. एमडी५चा आकडा ३२ अक्षरांचा, शा-१चा ४० आणि शा-२५६चा ६४ अक्षरांचा असतो. दोन बाजूंनी दोन पद्धती वापरल्या, तर जुळण्याचा प्रश्नच येत नाही. आजही कोणी फक्त एमडी५ देत असेल, तर सोबत शा-२५६ मागा. एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली संशोधकांनी २००४ मध्ये तयार करून दाखवल्या, शा-१च्या बाबतीत ते २०१७ मध्ये झालं. त्या जोड्या मुद्दाम घडवलेल्या होत्या. तुमच्या कपाटातली डिस्क बदलून तिचा एमडी५ तसाच ठेवणं ही फार वेगळी आणि कितीतरी अवघड गोष्ट आहे. पण उलटतपासणीत हा फरक समजावत तासभर का घालवायचा?

आता सगळं ताडूनही आकडा जुळला नाही तर? ती प्रत गुपचूप परत घेऊन दुसरी देऊ नका. माझी एवढी एक गोष्ट ऐकाच. बिघडलेली प्रत सील करून ठेवा, कधी आणि कुणाच्या लक्षात आलं ते लिहा, मूळ इमेजवरून नवी प्रत काढा आणि तिला वेगळा क्रमांक द्या. केबल खराब असते, डिस्कचा एखादा भाग मरतो, हे कोर्टाला सांगता येतं. प्रत बदलली आणि त्याची नोंदच नाही, हे मात्र कुणालाही समजावता येत नाही.

आणि वकीलसाहेबांना माझा निरोप सांगा : पोच लिहून देण्याआधी हॅश तपासायचा, महिन्याभराने नाही. तेव्हाच तपासला असता, तर तुम्ही दोघं समोरासमोर उभे राहून दहा मिनिटांत हा गोंधळ सोडवला असता.

प्रश्न : एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या) डिस्कवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवून पाठवली तर चालेल का? पाकीट सीलबंदच असतं.

नाही. डिस्क एका वाटेने, पासवर्ड दुसऱ्या वाटेने आणि तोही डिस्क पोचल्याचा फोन आल्यावर. हॅशचा कागदही डिस्कच्या पाकिटात घालू नका, कारण जो डिस्क बदलू शकतो तो कागदही बदलू शकतो.

प्रश्न : मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात आहे. एकाच फोनमधून प्रयोगशाळेने दोनदा डेटा काढला आणि दोन्ही वेळचे हॅश वेगळे आहेत. बचाव पक्ष म्हणतो, ही छेडछाड. त्यांना काय सांगू?

जे घडतं तेच सांगा. फोन चालू असल्याशिवाय त्यातला डेटा सहसा काढता येत नाही, आणि चालू फोन सतत स्वतःत काहीतरी लिहीत असतो : नोंदवही, बॅटरीची माहिती, घड्याळ. फोन सिग्नल अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत असला तरी हे थांबत नाही. एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचंही तसंच. आत बसलेला कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) पुसलेल्या जागा आपणहून साफ करतो आणि राइट ब्लॉकर बाहेरून येणारं लिखाण अडवतो, आतलं नाही. म्हणून हॅशने फोनची ओळख पटवायला जाऊ नका. तो त्या दिवशी काढलेल्या डेटाच्या फाइलचा असतो, आणि ती फाइल तेव्हापासून बदललेली नाही एवढंच तो सांगतो. दोन्ही वेळच्या फाइली, दोन्हींचे हॅश आणि दुसऱ्यांदा काढण्याचं कारण (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, पासकोड मिळणं, जे असेल ते) बचाव पक्षाला द्या. मग वादातला एखादा संदेश घ्या आणि तो दोन्ही फाइलींत सारखाच आहे हे दाखवा.

प्रश्न : मी सरकारी वकील आहे. एका फोनमध्ये साठ हजारांहून जास्त संदेश आहेत. तपासी अधिकारी मला त्यातले 'कामाचे' दीडशे संदेश छापून देतात आणि बाकी संबंधित नाहीत असं लिहून देतात. एवढं वाचायला मला वेळ नाही. हे पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. माझं हे मत ठाम आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या क्रॉयडन क्राउन कोर्टात बलात्काराचा एक खटला सुरू होता. आरोपी २२ वर्षांचा विद्यार्थी, जवळजवळ दोन वर्षं जामिनावर. फिर्यादीच्या फोनमधून काढलेले सुमारे ४०,००० संदेश एका डिस्कवर पोलिसांकडे होते आणि त्यात कामाचं काही नाही असं सांगितलं गेलं होतं. ऐन वेळी खटला हाती घेतलेल्या सरकारी वकिलाने तो सगळा साठा बचाव पक्षाला द्यायला लावला. बचावाच्या वकिलाने रात्रभर बसून तो वाचला. त्यात सापडलेल्या संदेशांमुळे सरकार पक्षाने खटला मागे घेतला, आणि पुढे पोलिसांनी त्या तरुणाची माफी मागितली. माझ्या मनात राहतं ते हे की डिस्क होती, डेटा नीट काढलेला होता, प्रयोगशाळेने आपलं काम केलं होतं. अडलं होतं ते डिस्क एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये, ब्रेडी विरुद्ध मेरीलँड या निकालात, आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने त्याला दिलाच पाहिजे असं ठरवलं. १९९५ च्या काइल्स विरुद्ध व्हिटली या निकालात ते त्याहून पुढे गेलं : पोलिसांकडे असा काय पुरावा आहे हे शोधून काढणं वकिलाचंच काम, 'मला कुणी सांगितलं नाही' ही सबब नाही. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण तुमच्या टेबलावरची अडचण तीच आहे.

साठ हजार संदेश एकेक करून वाचा असं मी म्हणत नाही. तपासी अधिकाऱ्याकडून दोन गोष्टी मागा. एक, निवडीआधीचा पूर्ण अहवाल, शोध घेता येईल अशा रूपात. छापील कागद आणि स्क्रीनशॉट नकोत, त्यात मागचा-पुढचा संदेश हरवतो. दुसरी गोष्ट फार थोडे जण मागतात : शोधाची नोंद. कोणते शब्द टाकून शोधलं, कोणत्या तारखांपुरतं, कोणती संभाषणं उघडली, कोणती उघडलीच नाहीत. ही नोंद दोन पानांची असते, पण निवड कशी झाली ते तिच्यातून दिसतं. माणसं एकमेकांना टोपणनावांनी हाक मारतात, एकच शब्द चार तऱ्हांनी लिहितात, आणि महत्त्वाचं बोलायचं असलं की आवाजी संदेश पाठवतात. त्यातलं काहीही साध्या शब्दशोधात येत नाही.

वेळाही बघा. असे अहवाल बऱ्याचदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवतात. तो स्थानिक वेळ समजून कुणी वाचला, तर रात्रीचा संदेश दुपारचा होतो आणि घटनेआधी काय आणि नंतर काय हेच उलटं होतं.

एका बाबतीत मात्र पूर्ण साठा तुमच्याकडे थेट येता कामा नये. आरोपीचं त्याच्या वकिलाशी झालेलं बोलणं त्या फोनमध्ये असेल, तर ते या खटल्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने आधी बाजूला काढायला हवं. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकल कोहेन या वकिलाच्या कार्यालयातून कागद आणि उपकरणं जप्त झाली, तेव्हा न्यायालयाने या चाळणीसाठी एका निवृत्त न्यायाधीशांना नेमलं होतं. तुमच्याकडे एवढी मोठी व्यवस्था नसेल, तरी दुसऱ्या विभागातला एखादा वकील हे करू शकतो. त्याने काय वगळलं त्याची यादी ठेवा, मजकूर नको.

प्रश्न : मी फिर्यादी आहे. तपासासाठी माझा फोन घेतलाय. त्यात माझं सगळं आयुष्य आहे, दिवंगत आईचे आवाजी संदेशही आहेत. माझा फोन किती जणांच्या हातून जाणार? ही भीती मी कुणाला विचारू?

तुमची भीती खरी आहे. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी वकिलांच्या विभागाने, क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिसने, लहानपणी अत्याचार झालेल्या १५ जणांच्या पोलिसांनी घेतलेल्या मुलाखतींच्या डीव्हीडी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवल्या. त्या एन्क्रिप्ट केलेल्या नव्हत्या. इतरांचीही ये-जा असलेल्या इमारतीच्या स्वागतकक्षात त्या ठेवल्या गेल्या आणि पुन्हा सापडल्याच नाहीत. २०१८ मध्ये या विभागाला ३,२५,००० पौंडांचा दंड झाला. पैशाने ते भरून येणार नव्हतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून लेखी विचारा. तुम्हाला तो हक्क आहे असं धरूनच विचारा. पूर्ण फोनचा डेटा घेतला की ठरावीक तारखांचा? प्रती किती निघाल्या, कुणाकडे आहेत, त्या एन्क्रिप्ट केल्यात का? खटला संपल्यावर त्यांचं काय होणार? चांगला अधिकारी या प्रश्नांनी चिडत नाही, कारण त्यांची उत्तरं त्याच्या नोंदवहीत असायलाच हवीत. मूळ फोन सहसा वकिलांकडे जात नाही, तो मुद्देमाल कक्षात राहतो आणि पुढे प्रत जाते. मला वाटतं, एवढं कळलं तरी तुमची झोप थोडी परत येईल.

आणि आईचे संदेश. आजच एक साधा अर्ज लिहा : कोणत्या ॲपमध्ये आहेत, कोणत्या नावाखाली, अंदाजे कोणत्या महिन्यांतले. फोनचा डेटा आधीच काढलेला असेल आणि त्यात ते ॲप आलं असेल, तर तेवढ्या फाइली वेगळ्या करून तुम्हाला द्यायला प्रयोगशाळेला पुन्हा फोनला हात लावावा लागत नाही. मी असे अर्ज पाहिलेत आणि त्या फाइली स्वतः काढून दिल्यात. अर्जाची एक प्रत शिक्का मारून तुमच्याकडे ठेवा, आणि फोन परत मिळेपर्यंत ते ॲप दुसऱ्या उपकरणावर नव्याने सुरू करू नका. काही ॲपमध्ये त्यामुळे जुन्या फोनवरचं खातं बंद होतं.