हँडलचा रेडिओ घेताना

वीज गेली तरी हँडल फिरवून चार्ज होणारा रेडिओ घेताना त्यावरच्या सोलर पॅनेलवर भुलू नकोस. ठाण्यात ज्या दिवसांत रेडिओची खरी गरज पडते, त्या जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि एरवीही तळहाताएवढं पॅनेल बॅटरी भरायला दिवस दिवस घेतं. म्हणून भरवसा हँडलवरच. दुकानात ते स्वतः फिरवून बघ, चांगलं मिनिटभर. बिजागरीपाशी डगमगत असेल किंवा आतले प्लास्टिकचे दाते करकरत असतील तर तो सेट तिथेच ठेव, कितीही स्वस्त मिळत असला तरी.

बॅटरी बदलता येणारी हवी. पेन्सिल सेलवरही चालत असेल तर उत्तमच. लिथियमची बॅटरी रिकामी ठेवून दिली की खराब होते, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी आठवणीने यूएसबीवर चार्ज कर.

'वेदर बँड'साठी जादा पैसे अजिबात मोजू नकोस. ती १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासची हवामानाच्या इशाऱ्यांची सेवा अमेरिका-कॅनडाची. आपल्याकडे तिथे काहीच लागत नाही. आपल्याला हवं ते आकाशवाणीचं एफएम, १००.७ आणि १०७.१. येऊरच्या डोंगराआड एफएम खरखरतं, त्यामुळे एरियल लांब असलेला सेट बघ. मीडियम वेव्ह असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या लहरी डोंगराला वळसा घालून पोचतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली, मोबाईल लागेनासे झाले. असा दिवस डोळ्यांसमोर ठेवूनच सेट निवड. आणि घरी आणलास की आईबाबांनाही स्टेशन लावायला शिकव.